जपान व्हाया मुतला

आमच्या कुटुंबाला बसमध्ये बसता येत नाही, हे आम्हाला जपानमुळे कळलं.

तसे आम्ही अडाणी नाही. मी फरवानियातल्या एका क्लिनिकच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते (त्यांच्या संमतीने). माझा नवरा विकास मंगफच्या बाजूला एका कारखान्यात इंजिनिअर आहे. तिथली अवाढव्य यंत्रं त्याचं ऐकतात म्हणे. घरचं वॉशिंग मशीन ऐकत नाही, तो भाग वेगळा. मुलगी सई बारावीत. पण इतकी वर्षं कुवेतमध्ये काढून आमच्यापैकी एकानेही इथल्या बसमध्ये पाऊल ठेवलेलं नव्हतं. रिग्गईत आमच्या घराच्या कोपऱ्यावर बकाला, म्हणजे किराणा दुकान, आहे. तिथून दही आणायचं तरी विकास गाडी काढतो. एकदा तर त्याला पार्किंग इतकं लांब मिळालं की गाडीपासून दुकान घरापेक्षाही दूर पडलं. तरी गडी म्हणाला, "गाडी होती म्हणून बरं!"

पुढच्या वर्षी सई कॉलेजसाठी कॅनडाला जाणार होती. म्हणजे तिघांनी मिळून करायची ही बहुधा शेवटची मोठी सहल. (हे वाक्य मनात जरी आलं तरी मला चष्मा पुसावा लागायचा.) जपान नक्की झालं आणि मी व्हिडिओ बघायला लागले. एका व्हिडिओत एक बाई एकटी पाठीवर पिशवी टाकून निघते. मोठ्या ट्रेनमधून छोट्या ट्रेनमध्ये, छोट्या ट्रेनमधून बसमध्ये, आणि बस तिला सोडते थेट डोंगराच्या पायथ्याशी! उतरलं की समोर पायवाट, झाडी आणि धुकं. मी तो व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला की ती बाई मला आमच्या नात्यातली वाटायला लागली.

"आपण असेच डोंगर चढायचे," मी जाहीर केलं. "ट्रेनने आणि बसने!"

"त्यापेक्षा पॅकेज टूर घेऊ," विकास म्हणाला. "सकाळी गाडी हॉटेलच्या दारात, दुपारी वरणभात, संध्याकाळी परत. डोंगर काय, खिडकीतूनही दिसतो."

"डोंगर म्हणजे काय शोकेसमधली साडी आहे?"

"मंजू, तू शेवटची बसमध्ये कधी बसलीस?"

मी आठवून पाहिलं. लग्नाआधी. तेही खाली उतरताना पडले होते.

"असं कर," विकास म्हणाला, "इथे कुवेतमध्ये बसने, सार्वजनिक गाडीने, एक डोंगर करून दाखव. जाऊन-येऊन. टॅक्सी केलीस की पॅकेज टूर!"

"कबूल!" मी टेबलावर हात आपटला. आणि मग लक्षात आलं की कुवेतमध्ये डोंगर नाहीत. इथे गतिरोधकावरून गाडी गेली तरी दूरचं दिसतं!

सईने कानातला एक इअरफोन काढला. (दोन्ही काढणं म्हणजे भूकंप वगैरे झाला असला तर.) "टेक्निकली मम्मा, देअर इज मुतला."

"कोण मुतला?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

या विकासच्या कुसुमआत्या. साताऱ्याहून दोन महिन्यांसाठी आल्या होत्या. रोज पहाटे अजिंक्यतारा चढून यायचा आणि मग चहा प्यायचा, हा त्यांचा जन्माचा नेम. कुवेतमध्ये आल्यापासून त्या बिल्डिंगचे जिने चढत होत्या, आणि आमच्या हारिसला, म्हणजे रखवालदाराला, वाटत होतं की लिफ्ट बिघडलीय.

"आत्या, मुतला डोंगराचं नाव आहे," मी सांगितलं. "जहराच्या पुढे, वाळवंटात."

"आगं, असलं कसलं नाव! बरं, मुतला तर मुतला. मी येनार."

तालीम सुरू झाली. जपानच्या बसचे नियम मी पाठ केले होते. तिथल्या बऱ्याच बसमध्ये मागच्या दाराने चढायचं, चिठ्ठी घ्यायची, गप्प बसायचं आणि पुढच्या दाराने उतरताना पैसे द्यायचे. डायनिंगच्या खुर्च्या रांगेत मांडल्या. बाल्कनीचं दार म्हणजे मागचं दार, बेडरूमचं म्हणजे पुढचं. ड्रायव्हर विकास.

"चिठ्ठी कुठाय?" ड्रायव्हरने विचारलं.

"सांडली वाटतं," आत्या म्हणाल्या.

"मग उतरता येणार नाही."

"विक्या, तुझं लंगोट मी बदललंय. उतरू दे गुमान!"

राहिली अस्वलं. जपानच्या डोंगरांत अस्वलं असतात, म्हणून लोक पिशवीला घंटा बांधून चालतात. तशा चार घंटा (एक जादा) मी आत्यांना येतानाच आणायला सांगितल्या होत्या. त्यांनी साताऱ्याच्या बाजारात दुकानदाराला सांगितलं, "डोंगरात चालताना बांधायच्या हायत. लांबून ऐकू आल्या पायजेत." त्याने अगदी योग्य माल दिला, हे आम्हाला पुढे कळलं.

"कुवेतमध्ये अस्वल?" विकासने घंटा बांधून घेताना विचारलं.

"तालीम म्हणजे तालीम!"

थंडीतल्या एका सुटीच्या सकाळी आम्ही चौघं खणखणत बसस्टॉपवर पोचलो. बस आली. मी मागच्या दाराशी रांग लावली. दार उघडलं आणि आतून उतरणारे सगळे आमच्या अंगावर आले. विकासचं पाऊल एका सुटकेसवर, सुटकेसचा मालक विकासवर! आम्ही धडपडत पुढच्या दाराशी आलो. जपानमध्ये लोक किती अदबीने वागतात ते मी शिकवलंच होतं, त्यामुळे चौघांनी एकामागून एक ड्रायव्हरला कमरेत वाकून नमस्कार केला. चार घंटा वाजल्या.

ड्रायव्हर मल्याळी होता. त्याने काळजीने विचारलं, "क्या हुआ मॅडम? पूरा फॅमिली का कमर में दर्द है?"

इथे पुढच्या सीट बायकांच्या. आम्ही तिघी पुढे बसलो आणि विकासची रवानगी मागे झाली. मी ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना बजावलं, जपानमध्ये बसमध्ये कुणी बोलत नाही. सबंध बसमध्ये आम्ही चौघंच गप्प होतो. शेजारची बाई व्हिडिओ कॉलवर कोचीनमधल्या नातवाला भरवत होती, मागे कुणाचं तरी लग्न ठरत होतं आणि कुणाचं तरी मोडत होतं. मी मात्र डोळे मिटून शांतपणे धुकं बघत होते.

डोळे उघडले तेव्हा खिडकीबाहेर समुद्र होता.

जहराच्या वाटेवर समुद्र असा अगदी जवळून दिसत नाही. थोड्या वेळाने कारखान्यांच्या चिमण्या दिसल्या, टाक्या दिसल्या, आणि नियम मोडून मागून विकासची आरोळी आली, "मंजू! हे माझं ऑफिस आहे!"

बसचा नंबर बरोबर होता. फक्त बस उलट्या दिशेची होती. आम्ही मंगफला आलो होतो!

"आठवड्याभराने सुटी मिळते," विकास फुटपाथवर उभा राहून म्हणाला, "आणि तू मला ऑफिसला आणलंस. तेही घंटा बांधून!" गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याने त्याला ओळखून सलाम ठोकला. विकासला सवयीने वाकायला झालं.

रस्ता ओलांडून समोरची बस पकडली. जिथून निघालो होतो त्या रिग्गईच्या स्टॉपवरून पुन्हा एकदा पुढे गेलो. (आत्यांनी आमच्या हारिसला खिडकीतून हात केला. तो चक्रावून बघत राहिला.) गप्प बसायचा नियम मी सोडला नव्हता, म्हणून जहरा जवळ आल्यावर विकासला खुणेने सांगितलं, 'उतरायची तयारी ठेव, पण अजून थांब.' या वाक्याची खूण करून बघा. मी दोन्ही हात उचलले, दाराकडे दाखवलं आणि मग तळवे हलवले. विकास उठला, उतरला, आणि दार बंद झाल्यावर खिडकीतून आमच्याकडे बघून हसत हात हलवत राहिला. त्याला वाटलं आम्ही पुढच्या दाराने उतरतोय!

"डॅड जस्ट गॉट ऑफ," सई म्हणाली.

"शूऽ!" मी म्हटलं. सवय वाईट.

पुढच्या स्टॉपवर उतरून आम्ही थांबलो. विकास चालत आला. त्याचा चेहरा सांगण्यासारखा नव्हता, आणि तो जे बोलला तेही. पण एक टॅक्सी हळू होत त्याच्या बाजूला आली, तेव्हा तिला त्यानेच हाकललं. "नको! हरायचं तर बसनेच हरू." त्या क्षणी मला हा माणूस पुन्हा आवडला.

शेवटी तिसरी बस. तिने आम्हाला डांबरी रस्त्याच्या कडेला सोडलं. ड्रायव्हर परतीच्या शेवटच्या बसची वेळ सांगून गेला. समोर मुतला. रुंद, पिवळसर, टक्कल पडलेला. त्याला डोंगर म्हणायला साताऱ्याच्या माणसाला जड जातं. आत्या कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिल्या. "ह्यो? ह्याच्यापायी सकाळपासनं वणवण?"

पण चढायला लागलो आणि मजा यायला लागली. वारा गार होता, खाली दूरवर लोकांचे थंडीतले तंबू दिसत होते, सईने दोन्ही इअरफोन काढले होते. आणि घंटा काय सुंदर वाजत होत्या! वाऱ्यावर लांबवर आवाज जात होता. अस्वलच काय, वाघही पळाला असता.

"मम्मा," सई म्हणाली, "डोन्ट टर्न अराउंड."

मी अर्थातच वळले. मागे मेंढ्या होत्या. एक-दोन नव्हेत, अख्खा कळप. काळ्या, तपकिरी, शेपटीशी गादी बांधल्यासारख्या. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

"हुश्!" मी हात झटकला. घंटा वाजली. मेंढ्या आनंदाने पुढे आल्या.

आत्या मटकन खाली बसल्या आणि पोट धरून हसायला लागल्या. "आगं मंजे! त्या दुकानदारानं मेंढराच्या म्होरक्याची घंटा दिलीया! आपन म्होरक्या झालो!"

"मग काय करायचं?"

"पळू नका, काही झालं तरी," हे आत्या म्हणेपर्यंत विकास पळायला लागला होता. तो जितका जोरात पळे तितकी घंटा जोरात वाजे, आणि घंटा जितकी जोरात वाजे तितका कळप जोरात धावे. त्या उतारावर कुवेतच्या इतिहासात इतक्या शिस्तीने कुणी कुणाच्या मागे गेलं नसेल! टेकाडामागून एक उंच सुदानी मेंढपाळ ओरडत आला, "तआल! तआल!" म्हणजे 'इकडे या.' तो मेंढ्यांना बोलावत होता. विकासला वाटलं, आपल्यालाच. तो आज्ञाधारकपणे तिकडे वळला. त्याच्या मागून मेंढ्या, मेंढ्यांच्या मागून मी, माझ्या मागून हसून हसून वाकडी झालेली सई, आणि शेवटी आत्या. ही सगळी वरात एका तंबूच्या दारात जाऊन थांबली.

तंबूत कळपाचे मालक बसले होते. पांढरी दाढी, खांद्यावर लोकरीचा झगा. सगळे त्यांना अबू सालेम म्हणत होते. त्यांनी आधी मेंढ्यांकडे पाहिलं, मग विकासकडे, मग विकासच्या घंटेकडे.

"हिंदी?" त्यांनी विचारलं. म्हणजे भारतीय का.

"हिंदी," विकास धापा टाकत म्हणाला.

"नवीन राई ठेवलाय का मी?" त्यांनी अरबीत मेंढपाळाला विचारलं. राई म्हणजे मेंढपाळ. रोज पेशंटशी बोलून मला एवढं अरबी कळतं. नवऱ्याची नवी नोकरी मी अदबीने नाकारली.

मग घंटा काढून ठेवल्या आणि मी सगळी कथा सांगितली: जपान, बस, अस्वल. अबू सालेम इतके हसले की त्यांचा झगा दोनदा खांद्यावरून सरकला. आमच्या डब्यातल्या दशम्या एव्हाना मेंढ्यांनी संपवल्या होत्या, त्यामुळे पाहुणचार त्यांच्यावर फर्जच झाला. मटण-भाताचं परातभर मोठं ताट आलं. शाकाहारी आत्यांसाठी खजूर, रोटी आणि दही आलं. आत्या मराठीत बोलत होत्या, अबू सालेम अरबीत, आणि दोघं गुडघेदुखीवर एकमेकांना उपाय सांगत होते.

"शेवटची बस," मी विकासच्या कानात म्हटलं.

"हो, हो. कॉफी घेऊन निघू."

अरबी कॉफीचा एक रिवाज आहे. रिकामा पेला तसाच पुढे केला की ओतत राहतात. पुरे झालं की पेला हलवायचा. इतकी वर्षं इथे राहून विकासला हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं! पण पाठीला लोड होता, शेगडीची ऊब होती, आणि पेला काही त्याच्या हातून हलत नव्हता. मीच शेवटी त्याचं मनगट धरून हलवलं. कॉफी अबू सालेमच्या गालिच्यावर!

माफी मागून, निरोप घेऊन बाहेर आलो, तेव्हा खाली दूर डांबरी रस्त्यावरून एक बस ऐटीत जहराकडे चालली होती.

"ती आपली?" विकासने विचारलं.

"होती," मी म्हटलं.

मग सईच म्हणाली, चक्क मराठीत, "मम्मा, तू रडू नकोस हं. आज आपण कसले हसलो ना!" आणि मला चष्मा पुसावा लागला.

अबू सालेमनी तोडगा काढला. मेंढपाळ इद्रिस काही मेंढ्या आमच्याच बाजूला पोचवायला हाफ लॉरी, म्हणजे छोटा ट्रक, घेऊन निघाला होता. पुढे आत्या आणि सई, मागच्या अरुंद बाकावर मी आणि विकास, त्यामागे उघड्यावर मेंढ्या. एक मेंढा अगदीच लहान पिल्लू होता, वाऱ्यात नको म्हणून इद्रिसने तो विकासच्या मांडीवर ठेवला. विकास विरघळला. त्याला थोपटू लागला. जहरा मागे पडलं, सूर्य खाली आला, सगळीकडे सोनेरी शांतता.

आणि विकास किंचाळला, "मुतला! मुतला!"

इद्रिसने करकचून ब्रेक मारला. "मुतला?" त्याने वळून विचारलं, मान डोलावली, आणि पुढच्या वळणावरून भल्या माणसाने गाडी परत फिरवली!

"ला, ला! नको! मुतला नाही!" मी ओरडले.

"कसा नाही? हा बघ, मुतला!" विकास पँट दाखवत ओरडला.

"मुतला, मुतला," इद्रिस समजुतीच्या सुरात म्हणाला आणि वेग वाढवला. विसरलं असेल बिचाऱ्यांचं काहीतरी तंबूत! आत्यांना हसून ठसका लागला. सईने शेवटी अरबीत समजावलं तोवर डोंगर पुन्हा दिसायला लागला होता. मुतला आम्ही एका दिवसात दोनदा केला, असं म्हणायला हरकत नाही.

रिग्गईत बिल्डिंगसमोर हाफ लॉरी थांबली. हारिस धावत आला. सकाळी बसमधून एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे गेलेलं हे कुटुंब आता मेंढ्यांमधून उतरत होतं. तो हळूच म्हणाला, "मॅडम, ईद तो अभी बहुत दूर है!"

जिना चढता चढता विकास म्हणाला, "म्हणजे पॅकेज टूर. परत येताना बस नव्हती."

"टॅक्सी पण न्हवती," आत्या म्हणाल्या. "अट काय हुती? सार्वजनिक गाडी. आता गाडीत आपन एकटंच हुतो का? न्हाई. वीस-पंचवीस जण हुते. म्हंजी सार्वजनिकच की!"

या युक्तिवादापुढे इंजिनिअर हरला.

आत्या साताऱ्याला परतल्या आणि सईची परीक्षा संपल्यावर आम्ही तिघं जपानला गेलो. मी सांगते, आम्ही तिथे झळकलो! मोठी ट्रेन, छोटी ट्रेन, कुठे चूक नाही. दिशा तर मी तीन-तीनदा तपासायची. डोंगराजवळच्या त्या इवल्या गावात एक रात्र राहिलो आणि सकाळी बसस्टॉपवर हजर झालो. पायथ्याला नेणारी बस फक्त सुटीच्या दिवशी असते, हे मी घरूनच शोधून ठेवलं होतं आणि त्या हिशेबानेच सगळी सहल आखली होती. धुकं होतं, झाडी होती. अगदी व्हिडिओतल्यासारखं! आम्ही ओळीत, गप्प, सुटे पैसे मुठीत घेऊन उभे राहिलो.

बसची वेळ झाली. बस आली नाही.

"जपानमध्ये बसला उशीर होत नाही," मी म्हटलं. "घड्याळ चुकलं असेल."

तिघांची घड्याळं चुकणं शक्य नव्हतं. बराच वेळ गेला. कोपऱ्यावरच्या दुकानातली म्हातारी आमच्याकडे कौतुकाने बघत होती. शेवटी ती बाहेर आली. सईने फोनवर तिचं बोलणं भाषांतरित केलं, आणि माझ्याकडे एकटक बघत सांगितलं, "मम्मा, त्या म्हणतायत बस फक्त शनिवार-रविवारी असते. आज काय वार आहे?"

"शुक्रवार," मी ठामपणे म्हटलं. "सुटीचाच दिवस!"

बोलले आणि लक्षात आलं. कुवेतमध्ये सुटी शुक्रवार-शनिवारी, रविवारी सकाळी सगळे कामावर. इतक्या वर्षांत ते हाडात मुरलं होतं. शुक्रवारी जगात कुठेही कुणी काम करत असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं! आणि दुपारच्या गाडीने आम्हाला टोकियोला परतायचं होतं.

संध्याकाळी आत्यांचा व्हिडिओ कॉल आला. "काय गं, चढलात का डोंगर?"

"नाही आत्या. बस चुकली."

"आगं, जपानात बस चुकत न्हाई म्हनत हुतीस ना?"

"नाही चुकत," विकास माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणाला. पॅकेज टूरचं नावही न काढता त्याने अभिमानाने माझ्याकडे बोट दाखवलं, "वेळेवर येणारी बस कुणीही चुकवेल, आत्या. हिने नसलेली बस चुकवली!"